पाणसळीतला बुडबुडा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नसेल त्यांनी इथेच थांबावं. पुढे वाचून माझ्यावर उपकार करू नयेत.

हे माझ्या मोठ्या मामाच्या बाबतीत घडलं. शनिवारी, दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात. त्याच्या गॅरेजच्या मागच्या आवारात.

मामा गाड्यांना ट्रेलर जोडून देतो. लोक त्याला ‘इंचीटेप’ म्हणतात. ज्याच्या खिशात टेप नाही, तो मामाच्या लेखी माणूसच नाही. आणि बिनटेपवाल्यांचा मुकुटमणी म्हणजे त्याचा जावई.

या जावयाने कुठूनशी एक जुनी फिफ्थ व्हील ट्रेलर आणली. चाकांवरचं घरच ते. तिची जोडणी पिकअपच्या मागे नसते, थेट हौद्यात, म्हणजे सामान ठेवायच्या उघड्या भागात, बसते. आणि जोडणीच्या बरोबर वर, आत, पलंग असतो.

दुसऱ्या दिवशी ताईला, म्हणजे मामाच्या मुलीला, आणि त्यांच्या लेकीला घेऊन तो घाट उतरणार होता.

“मापं कशाला? मी नजरेनेच लावली असती,” जावई म्हणाला.

“नजर धड असती जावईबापू, तर हे धूड घेतलंच नसतंत.”

ताई तोंड फिरवून हसली.

मामाने ट्रेलर जॅकवर सपाट उभी केली. पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, आतल्या फरशीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. मग जमिनीपासून ट्रेलरच्या नाकाखालच्या पिनपर्यंतची उंची घेतली. ती पिन अडकते ती पिकअपमधली प्लेट त्याहून दीड इंच वर बसवली, कारण वजन पडलं की पिकअप तेवढी दबतेच.

खट्. पिन बसली. जॅक वर घेतले.

पिकअपच्या मागच्या चाकापासून वरच्या पत्र्यापर्यंत सहा इंच मोकळे. हवे तेवढे.

मामा पाणसळ बघायला आत गेला.

बुडबुडा मधोमध होता.

मग तो हलला...

हळूहळू मागे सरकला. म्हणजे ट्रेलरचं नाक खाली चाललं होतं.

“जावईबापू, पलंगावर उड्या मारू नका!” मामा ओरडला.

“मी बाहेर आहे!” जावयाचा आवाज खरंच बाहेरून आला.

पलंग रिकामा होता. गादीसुद्धा नव्हती. नुसती फळी.

पण फळी करकरली...

“बाबा,” बाहेरून ताई म्हणाली. तिच्या हातात टेप होता. “साडेपाच झाले... पाच... बाबा, चार!”

“स्प्रिंगा सडलेल्या असणार,” जावई म्हणाला.

“तुमच्या डोक्यातल्या,” मामा म्हणाला. पण दोन इंच दाबायला एक माणूस पुरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आठ-दहा माणसं तरी लागतात.

त्याने सगळं सोडवलं. प्लेट एक भोक वर घेतली. पुन्हा जोडलं.

बुडबुडा मध्ये आला. थांबला.

आणि पुन्हा मागे...

आता मामाचं डोकं फिरलं. भीतीपेक्षा रागच जास्त. आयुष्यात कोणी त्याचं माप खोटं पाडलं नव्हतं. त्याने पलंगाकडे बघितलं आणि खास जावयासाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाला,

“फुकटे लेकाचे! जे कोण आहात ते खाली उतरा. मला माप घ्यायचंय.”



रस्त्यावरचा आवाजसुद्धा येईना.

मग फळी करकरली. मामाच्या अंगावरून गार हवा गेली... आणि दाराबाहेरची लोखंडी पायरी दबली. कोणीतरी पाय ठेवावा तशी. पुन्हा वर आली.

पुन्हा दबली...

पुन्हा...

ताई पायरीजवळच उभी होती. ती सांगते, शेवटची तर अगदी जराशी दबली. लहान मुलाचा पाय असावा तशी.

पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला. सहा इंच पुन्हा सहा झाले. मामाने चाकाजवळ तासभर उभं राहून मोजले, पण ते हलले नाहीत.

ताईने ट्रेलरमध्ये पाय ठेवायला साफ नकार दिला. जावई मात्र फुशारकीने एकटाच घाट उतरून आला. त्याला काहीही झालं नाही. तीन वर्षं ती ट्रेलर लोण्यासारखी चालतेय. “बघा, उगाच घाबरवलंत,” असं तो दर भेटीत ऐकवतो. त्याच्याकडून आणखी कसली अपेक्षा ठेवणार!

मामाने मात्र त्या संध्याकाळपासून स्वतःची गाडी चालवणं सोडलं. त्या दिवशी घरी जाताना गाडी मागे दबलेली वाटली, म्हणून सिग्नलला त्याने मागची दारं उघडली होती म्हणे. दोन्ही. मागे हॉर्न वाजत होते, तरी बराच वेळ उघडी धरून उभा होता.

आता तो गॅरेजला चालत जातो.

“गाडी का नेत नाहीस?” मी एकदा विचारलं.

“तुला काय कळतंय? चालणं तब्येतीला बरं,” तो खेकसला.

गेल्या आठवड्यात मी त्याच्यासोबत चाललो. फुटपाथ रिकामा होता. मध्येच मामा थांबला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि मान खाली घातली. अरुंद जागेत आपण दुसऱ्यांना पुढे जाऊ देतो ना, अगदी तसा.

मी हसणार होतो.

पण माझ्याही नकळत मी भिंतीला चिकटलो होतो...

आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो.