अकरा वाजून आठ मिनिटांचा फोन

"माझ्याच मुलीने माझ्या घरात चोरी केली. ते सिद्ध करून द्या," म्हातारा म्हणाला आणि बसायच्या आधीच तीन कंपन्यांची माहितीपत्रकं टेबलावर आपटली.

भाऊजींनी घाईने चहाचा कप उचलला. मीटर रीडिंगच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते वहिनींच्या तपास-कचेरीत मदतीला येत. समोरच्या माणसावर पाच मिनिटांत विश्वास ठेवायची त्यांची खोड मात्र गेली नव्हती.

"आधी बसा," वहिनी म्हणाल्या. "मग सिद्ध करू."

म्हाताऱ्याला गावात पातळीमास्तर म्हणत. तीस वर्षं त्याने नदीच्या पाण्याची पातळी मोजली होती. बायको जाऊन आठ महिने झाले होते. नदीकाठच्या घरांत चोऱ्या वाढल्या, म्हणून चोवीस तास लक्ष ठेवणारी सुरक्षा यंत्रणा घ्यायचं त्याने ठरवलं.

"पहिला विक्रेता म्हणतो, कॅमेरे घ्या. दुसरा म्हणतो, कॅमेऱ्यांनी काही होत नाही, सेन्सर घ्या. पुरात वीज गेली तर काय, विचारलं की दोघंही छापील कागद पुढे करतात! डोकं उठलं माझं. शेवटी तिसऱ्याची यंत्रणा सोमवारी आठवडाभराच्या चाचणीसाठी बसवली. आणि मंगळवारी चोरी!"

"काय गेलं?"

"बायकोची लाकडी पेटी. कुलूपबंद. किल्ली सापडत नव्हती, म्हणून बुधवारी कुलूपवाल्याला बोलावलं होतं. मंगळवारी मी डोळे तपासायला गेलो, एक वाजता परतलो, तर पेटी गायब. मागचं दार किल्लीने उघडलेलं."

"यंत्रणा गप्प बसली?"

"तेच तर! अकरा वाजून आठ मिनिटांनी त्यांच्या कंट्रोल रूमला इशारा गेला. त्यांनी लगेच माझ्या घरी फोन केला. घरातून बाईने परवलीचा शब्द सांगितला, म्हणून यांनी अलार्म रद्द केला! तो शब्द मला आणि मुलीला, दोघांनाच माहीत. मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे. आता बोला."

भाऊजींनी मान डोलावली. वहिनींनी डोलावली नाही.

कंट्रोल रूममधला तरुण कामावर नवा होता आणि वैतागलेला होता. "सगळे मलाच झापतायत. बाईंनी शब्द बरोबर सांगितला, मी नियमाप्रमाणे यादीत खूण केली."

"आणखी काय बोलल्या?"

"माझं ऐकूनच घेतलं नाही हो. मी नमस्कार म्हणेपर्यंत त्यांचं सुरू. आनंदात होत्या अगदी. मी आभार मानले, तर पलीकडे सामसूम."

"चोरी करताना आनंदात?" बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले. "मुलगी भलतीच निगरगट्ट दिसते."

मुलगी नर्स होती. तिने दार उघडलं तेच लाल डोळ्यांनी.

"रात्रपाळी करून झोपले होते. साक्षीदार कोण? माझी उशी! बाबांनी शेजाऱ्यांसमोर किल्ली काढून घेतली माझ्याकडून. पुढच्या सोमवारी मी बदलीच्या गावी चाललेय. आता सुट्टीलाही येणार नाही, सांगा त्यांना."

"पेटी उघडणार, हे आणखी कोणाला ठाऊक होतं?"

"मामाला. रविवारी बोटीच्या धक्क्यावर भेटला, तेव्हा मीच सगळं बोलले. मंगळवारी डोळे, बुधवारी पेटी. पण मामा त्या घरात जात नाही. बाबांचं आणि त्याचं पटत नाही."

मामा माणसांना पलीकडच्या काठावर नेणारी बोट चालवायचा. दोर गुंडाळता गुंडाळताच बोलला.

"आठ महिने झाले. त्या घरात ना पाऊल टाकलं, ना फोन केला. त्या माणसाचं काय सांगता? ताईचा आवाज डब्यातून ऐकत बसतो आणि जिवंत मुलीचं ऐकत नाही."

"खरं बोललात हो," भाऊजी हळहळले.

वहिनी पाण्याकडे बघत राहिल्या.

पातळीमास्तरांच्या बैठकीत फोनशेजारी जुनं आन्सरिंग मशीन होतं. त्यावर लाल दिवा लुकलुकत होता.

"हे कधीपासून?" भाऊजींनी विचारलं.

"ती आजारी पडायच्या आधीपासून माळ्यावर बंद पडलं होतं. रविवारी दुरुस्त करून आणलं. तिचा आवाज आहे त्यात." म्हातारा ओशाळला. "कोणाला बोललो नाही. मुलीलाही नाही. लोक हसतात."

"आणि दिवा?"

"मशीन चालू असल्याची खूण असेल."

वहिनींनी त्याच संध्याकाळी मुलीला आणि मामाला तिथे बोलावलं. मुलगी दाराशीच उभी राहिली.

"भाऊजी, तुमच्या मोबाइलवरून इथला नंबर लावा. मास्तर, उचलू नका."

फोन चारदा वाजला. मग खोलीभर एका बाईचा हसरा आवाज घुमला.

"नमस्कार! आम्ही गुलबक्षीला पाणी घालतोय. निरोप ठेवा, मग बोलू!"

मुलीने तोंडावर हात ठेवला.

"परवलीचा शब्द कोणता होता, मास्तर?"

"गुलबक्षी," म्हातारा पुटपुटला. "तिच्या तोंडचा... विसरू नये म्हणून."

वहिनींनी लुकलुकणाऱ्या दिव्याखालचं बटण दाबलं. कंट्रोल रूमच्या तरुणाचा आवाज आला: "धन्यवाद बाई, शब्द बरोबर आहे. अलार्म रद्द करतो."

"त्या बाईने त्याचं ऐकून घेतलं नाही, कारण ती ऐकू शकत नव्हती," वहिनी म्हणाल्या. "नवखा पोरगा शब्दाची वाट बघत होता. शब्द आला, त्याने खूण केली. म्हणजे चोराला शब्द माहीत असायची गरजच नव्हती. मुलीवरचा अर्धा आरोप तिथेच गेला."

"आणि किल्ली?" म्हातारा हट्टाने म्हणाला.

"मशीन रविवारी सुरू झालं, मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही. मग त्यातून आवाज येतो, हे कळणार कोणाला? फोन करणाऱ्याला, नाहीतर फोन आला तेव्हा खोलीत असणाऱ्याला. मामा, तुम्ही ना पाऊल टाकलंत, ना फोन केलात. मग डब्यातला आवाज तुम्हाला कसा कळला?"



"एक किल्ली ताईने मलाही देऊन ठेवली होती," मामा म्हणाला. "पेटी उचलली, फोन वाजला आणि ताई बोलली. कसा बाहेर आलो, ठाऊक नाही."

"पण का रे?" मुलगी ओरडली.

"जहाजावर होतो म्हणून सांगितलेली ती चार वर्षं मी तुरुंगात होतो. ताईला दर महिन्याला पत्र टाकायचो. पेटीत तीच आहेत. याच्या हाती लागली असती तर जन्मभर टोचून बोलला असता."

"आणि माझ्यावर आळ आला तेव्हा?"

"तोंड उघडायची हिंमत झाली नाही. पेटी बोटीवर आहे. आणतो."

तो मान खाली घालून गेला. पातळीमास्तर काहीतरी कडवट बोलणार होते, पण मुलीकडे बघून थांबले.

वहिनींनी कंपनीचा अर्ज पुढे सरकवला. "घ्यायची तर हीच घ्या. वीज गेली तरी बॅटरीवर चालते, मी विचारून घेतलंय. पण मशीन ठेवायचं असेल, तर त्यांनी पहिला फोन इथे करून चालणार नाही. माणसाचा नंबर द्या."

म्हाताऱ्याने पेन उचललं.

"चुकलो मी," तो मुलीला म्हणाला. "शेजाऱ्यांसमोर बोललो, शेजाऱ्यांसमोरच सांगेन. तुझा लिहू?"

"बदलीच्या गावाहून मी काय करणार?"

"मला फोन करशील."

"पाठ तरी आहे का नंबर?"

"तुझी आईच लावून द्यायची."

ती येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली आणि एकेक आकडा सांगू लागली. म्हाताऱ्याने सावकाश लिहिलं.

"शेवटचे दोन परत सांग."

"बरोबर लिहिलेत की, बाबा. मुद्दाम विचारताय."

"हो," म्हातारा म्हणाला. "परत सांग."