बिनवाऱ्याची जागा

सुट्टीच्या दिवशी मी ऑफिसला गेले ती फक्त विसरलेला चष्मा आणायला. पण समुद्रात मोठं वादळ होतं, आणि माझा सख्खा मोठा भाऊ त्याच समुद्रात एका मालवाहू जहाजाचा कप्तान होता. मग चष्मा उचलून सरळ घरी कोण जातं?

आमचं काम सोपं करून सांगते. उपग्रह वरून समुद्रावर रडारचा झोत टाकतो. वाऱ्याने पाणी जेवढं खवळलेलं, तेवढं ते चित्रात उजळ दिसतं. संथ पाणी काळं. त्या उजळपणावरून आम्ही वाऱ्याचा वेग काढतो. त्या सकाळचं चित्र धुतल्या चादरीसारखं पांढरं होतं. फक्त एका कोपऱ्यात, वादळाच्या डोळ्यापासून, म्हणजे मधल्या शांत भागापासून, खूप दूर, इस्त्रीने पडावा तसा एक काळा डाग.

"तेल सांडलं असेल," वादळामुळे सुट्टीतही आलेले आमचे साहेब म्हणाले. "तेलाने लाटा दबतात. भावाच्या काळजीने उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नकोस."

मला बसवेना. दिवसभर खुर्ची ते खिडकी येरझारा घातल्या. खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालत होता.

संध्याकाळी दुसऱ्या उपग्रहाचं चित्र आलं. डाग सरकला होता, वाऱ्याच्या उलट दिशेने. तेल वाऱ्याबरोबर वाहतं, उलटं जात नाही. आणि डागाच्या आत एक पांढरा ठिपका होता. जागा ताडून पाहिली, ते दादाचं जहाज. साहेबांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"दादा, वारा किती आहे?"

"पडलाय गं. दुपारपासून." आवाज झोपेतून आल्यासारखा होता. "लांबवर डोंगराएवढ्या लाटा दिसतात. आमच्याभोवती मात्र पाणी... तळ्यासारखं. पोरं डेकवर बसलीत. कुणी बोलत नाही."

"तिथून बाहेर पड. वाऱ्यात जा."

तो हसला. "आजवर मला वादळातून बाहेर काढायचीस. आज आत ढकलतेस?"

"ऐक माझं... दादा, तुझ्या पाया पडते."

पलीकडे इंजिनाची घरघरसुद्धा ऐकू येत नव्हती. मग तो हळूच म्हणाला, "बरं बाई."

दुसऱ्या सकाळी ठिपका पांढऱ्या पाण्यात होता. डाग कुठेच नव्हता. मी वहिनीला फोन केला आणि आम्ही दोघी ढसाढसा रडलो.

आठवड्याने दादा घरी आला, थकलेला, पण धडधाकट. मी भेटायला गेले तेव्हा भर दुपारी गच्चीवर भन्नाट वारा सुटला होता. वहिनी माझ्याशेजारी उभी राहून चादरींना चिमटे लावत होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाकडून दादा आमच्याकडे येत होता. तो ज्या चादरीजवळ येई, तिची फडफड थांबे. तो पुढे सरकला की ती पुन्हा उडू लागे.

"दादा... वारा..."

"कुठला वारा?" तो त्याच झोपाळलेल्या आवाजात म्हणाला. "मी आल्यापासून पान हललं नाही." मग त्याने वहिनीकडे हात केला. "ये ना गं इकडे. इथे शांत आहे."

वहिनी हसत निघाली. मी तिला हाक मारली, पण वाऱ्यात ती ऐकू गेली नसावी. चार पावलांवर तिचे उडणारे केस एकदम खांद्यांवर पडले.

मी पुन्हा हाक मारली. आता तरी तिला ऐकू यायला हवं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही.