उद्याचा स्कॅन

अमेरिकेतून तैवानमधल्या ताइनानला परतताना डॉक्टर युनजूला वाटलं होतं, रुग्ण पहिला प्रश्न औषधाचा विचारतील. कॅन्सरच्या ज्या गाठींना आपला तुटका डीएनए नीट सांधता येत नाही, त्यांची उरलीसुरली दुरुस्तीही बंद पाडणारी गोळी ती घेऊन आली होती. पण त्या गोळीच्या चाचणीत नाव घालताना नातलग विचारत ते एवढंच : "वेळ आली तर घरी न्यायला सोडाल ना?"

इथली रीतच तशी : शेवटचा श्वास घरी सुटायला हवा. वाटेत प्रत्येक पुलावर जाणाऱ्याला हाक मारायची, नाहीतर जीव मागेच राहतो.

गेल्या महिन्यात लुओ आजोबांना तिनेच थांबवलं होतं. "उद्या स्कॅन करू, मग जा." आजोबा पहाटे वॉर्डातच गेले.

आता श्ये आजींचा मुलगा झीहाव दारात उभा होता. "डॉक्टरबाई, आईला नेतो."

"उद्या स्कॅन आहे. गोळी लागू पडत असेल तर?"

आजी खोल गेलेल्या आवाजात हसल्या. "तुमच्या अमेरिकेत माणसं मरत नाहीत का गं, पोरी?"

झीहाव आईच्या उशाशी बसला. बाहेर दिवस मावळला. वॉर्डात जंतुनाशकाच्या वासात हळूहळू उदबत्तीचा वास मिसळला. उदबत्ती कुठेच नव्हती.

"त्यांना सांग ना काहीतरी," आजी पुटपुटल्या. "मघापासून विचारतायत..."

"कोण, आजी?"

आजींनी खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं. युनजू तिकडे गेली. चादर ताणलेली होती, उशीत मात्र डोक्याचा खळगा होता. तिने हात ठेवला. ऊब लागली.

आणि अगदी कानाशी, नम्रपणे...

"डॉक्टर... तो स्कॅन... झाला का उद्याचा?"

सकाळी तिने स्कॅन रद्द केला. रात्रीत श्वास तुटत चाललेल्या आजींच्या तोंडावर हाताने दाबायची श्वासाची पिशवी धरून ती स्वतः रुग्णवाहिकेत चढली. दार लावण्याआधी वॉर्डाकडे पाहून तिने हाक मारली, "लुओ आजोबा, चला घरी. पूल आला की सांगते."

समोरच्या बाकाची गादी हळूच दबली. झीहावने ते पाहिलं आणि अंग चोरून जागा दिली.

गाडी सुरू झाली. तेवढ्यात वरच्या खिडकीतून हाक आली, "डॉक्टर... आणि माझा स्कॅन?"

आवाज बाईचा होता.