कोरडी पाठ

“हसू नका हो... पट्ट्या सुटतील!”

दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या त्या मुलाने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं, की भूमिकाला आणखीच हसू आलं. हसण्यासारखंच होतं ते. भिंतीला पाठ लागू न देता तो ताठ बसला होता – नुकत्याच साच्यातून काढलेल्या गणपतीसारखा, धक्का लागला तर कान निखळेल असा.

“तुम्हाला पण आजच लावल्या?” तिने विचारलं.

“आत्ताच. तुमच्याआधी.”

डॉक्टर सुहासिनीमॅडमनी दोघांच्याही पाठीवर पट्ट्यांनी लहान लहान चकत्या चिकटवल्या होत्या. प्रत्येक चकतीत एकेक संशयित – कुठे धातू, कुठे रबर, कुठे रंग, कुठे अत्तर. आज सोमवार; बुधवारी त्या काढायच्या, शुक्रवारी शेवटचं बघायचं. अंगाला जे सोसत नाही, त्याच्या जागी कातडी लाल होते. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, खाजवायचं तर नाहीच. आणि हे सगळं श्रावणात, पेणमध्ये!

त्याचं नाव प्रणित. रोह्याच्या पुलापलीकडचा, अष्टमी गावचा. एका कंपनीत नुकताच शिकाऊ म्हणून लागलेला.

“तुम्हाला पुरळ कुठे उठतं?” भूमिकाने विचारलं.

तो गोरामोरा झाला. “ते... सांगण्यासारखी जागा नाय.”

“अय्या!”

“तसं नाय हो! बेल्टचं बकल टेकतं ना, तिथं. दहावीपासून हाय. आता बेल्टच सोडला, पँटला नाडी बांधतो. कंपनीत सगळे विचारतात – काय रे, लेंगा घालून आलास काय?”

भूमिका तोंडावर हात ठेवून हसली. आणि तिचे हात त्याला दिसले. बोटांना चिरा, मागच्या बाजूला लालसर पुरळ, मनगटापाशी एकदम थांबलेलं... जणू कुणी तिथे रेघ ओढली होती.

तिने हात ओढणीखाली घेतले. त्यानेही नजर काढून घेतली, पण हळूच... घाई न करता. ते तिला आवडलं. का आवडलं, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

दोघं बाहेर पडली तेव्हा ऊन होतं, आणि उन्हातच पाऊस आला. भूमिकाच्या छत्रीची काडी तुटलेली. प्रणितने आपली काळी छत्री उघडली.

“चला. तुमची पाठ माझ्या जबाबदारीवर.”

“आणि तुमची?”

“छत्री मोठी हाय.”

छत्री काही मोठी नव्हती. पण भूमिका पुढे बघत चालत होती, आणि गल्ल्यांमधून ओल्या मातीचा, रंगाचा वास येत होता. दोन्ही बाजूंना कारखाने, दारादारांत पांढरे गणपती – अजून डोळे नसलेले.

“मी डोळे आखते,” ती म्हणाली. “पंधरा वर्षांची होते तेव्हापासून. आता एकोणीसची आहे. आमच्या कारखान्यात अण्णांच्या, म्हणजे बाबांच्या, मागे मीच. अंग कुणीही रंगवील, पण आखणी... एक डोळा झाला की दुसरा होईपर्यंत बोलायचं नाही. आमच्या घराची रीतच आहे.”

“शिंक आली तर?”

“येत नाही.”

“कुणी काय विचारलं तर?”

“त्याने थांबायचं.”

“बरं,” प्रणित म्हणाला, “थांबू की.”

थोडं चालल्यावर तिने स्वतःच सांगितलं. चकत्यांमध्ये तिच्या कारखान्यातले रंगही होते. रंगांची जागा लाल झाली, तर अण्णांनी ठरवलं होतं – यंदापासून ब्रशला हात लावायचा नाही. मूर्तींच्या पावत्या फाडायला बसायचं. “आई तर म्हणते, सुटलीस. पण मला दुसरं काही येतच नाही हो...”

पाऊस एकदम वाढला. प्रणितने छत्री आणखी तिच्याकडे सरकवली.

बुधवारी भूमिका पडद्याअलीकडे बसली होती आणि पलीकडे मॅडमचा आवाज चढला होता.

“अरे, या पट्ट्या लोंबताहेत! खुणांची शाई वाहून गेलीय. अंघोळ केलीस ना?”

प्रणित म्हणाला, “व्हय मॅडम. राहवलं नाय.”

“शाबास! सगळं वाया. आता पाठ शांत होऊ दे, गणपती झाल्यावर पुन्हा ये. तोवर नाडीच बांध.”

भूमिकाच्या डोळ्यांपुढे ती काळी छत्री आली. तिची वेणीसुद्धा भिजली नव्हती त्या दिवशी. आणि तो...? घरी पोचल्यावर तिने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

तो बाहेर आला. तिच्याकडे न बघता चपला शोधू लागला.

“खोटं बोललास,” ती हळूच म्हणाली. ‘तुम्ही’ कधी गळून पडलं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“मग काय सांगणार? पोरीला सोडायला गेलो म्हणून?” तो चपलांशीच बोलत होता. “तुझी पाठ कोरडी हाय ना? मग झालं.”

शुक्रवारी त्याचं दवाखान्यात काहीच काम नव्हतं. तरी तो आला. रात्रपाळी करून, लाल डोळ्यांनी, बाकाच्या टोकावर बसून राहिला.

आत अण्णा खुर्चीवर न बसता उभेच होते. मॅडमनी भूमिकाच्या पाठीवरच्या खुणा भिंगातून पाहिल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, “रंग सगळे स्वच्छ आहेत. एकही उठला नाही.”

“मग...?” भूमिकाने वळून विचारलं.

“रबर. रबराच्या चकत्या लाल झाल्यात. आणि सोमवारी तुझ्या पिशवीतल्या हातमोज्याचा तुकडा कापून लावला होता ना, तोही. किती दिवस घालतेस ते मोजे?”

भूमिकाने अण्णांकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी मूर्ती घासताना हात कोरडे पडले, म्हणून आईने बाजारातून ते मोजे आणले होते. हात बिघडले की आई म्हणायची, घाल गो, काढू नको. आणि जितके जास्त घातले, तितके हात...

“माझीच बायको,” अण्णा डोक्याला हात लावून म्हणाले, “मायेनं करत होती हो सगळं.”

“मायेनंच होतं असं. मलम देते. हात बरे होईपर्यंत मातीकाम नाही, रबर तर कायमचंच बंद. ब्रश धरायला हरकत नाही.”

भूमिका बाहेर आली. प्रणित उठून उभा राहिला. तिने नुसती मान हलवली. पण ती मान अशी हलली, की तो बाकावर मटकन बसला... आणि या वेळी पाठ खुशाल भिंतीला टेकली.

संध्याकाळी कारखान्यात दिवे लागले होते. “आलायस तर बघून जा,” म्हणून अण्णांनीच त्याला आणलं होतं, आणि ते मागे मूर्ती मोजायला गेले होते. एक पांढरा गणपती भूमिकासमोर होता. मलम लावलेल्या, उघड्या बोटांत तिने ब्रश धरला. उजव्या डोळ्याची रेघ आली – एका दमात, पाण्यावरून वारा जावा तशी.

प्रणित दाराशी उभा होता.

“भूमिका,” तो म्हणाला. “आता तुला बोलता येणार नाय, म्हणून बोलतो. नायतर मला धीर व्हायचा नाय.”

ब्रश रंगात बुडाला. ती वळली नाही.

“सोमवारी रोह्याला पोचलो तेव्हा अंग सगळं भिजलेलं. पट्ट्या सुटल्यात, हे मला तेव्हाच कळलेलं. पण गाडीत मी हसत होतो... येड्यासारखा. मला तू आवडतेस. तुला नको असेल तर दुसरा डोळा झाला की नुसतं नाय म्हण. मी जाईन.”

बाहेर पागोळ्या गळत होत्या. भूमिकाने श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. डाव्या डोळ्याची रेघ निघाली, कडेने वळली, खाली आली... किती सावकाश! प्रणितला वाटलं, हा डोळा संपूच नये.

ब्रश वर आला. दोन डोळे त्याच्याकडे बघत होते. मग आणखी दोन.

“गणपती झाल्यावर तुझ्या पट्ट्या ना?” भूमिका म्हणाली.

“...व्हय.”

“मग छत्री मी धरणार. तू तुझी पाठ सांभाळ.”