महिपतीच्या बाटल्या

मी गेलो होतो ती महिपतीची पत्र्याची पेटी आणायला, एवढंच. मागच्या वर्षीची जुलैची एकवीस तारीख. त्याच्या बायकोने, सत्यभामाने, संगमनेरकडच्या गावातून तीनदा फोन केला होता. "भाऊ, मानूस तर आला पेटीतून. आता त्यांची पेटी तेवढी धाडा."

इथे आखातात, उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पलीकडे, शेतं संपतात तिथे, आमच्या कंपनीचा तलाव होता. बांधकामाच्या खड्ड्यांतून उपसलेलं पाणी तिथे सोडायचे. ते अडवायला मातीचा बांध, चार माणसं उंच. आणि बांधाच्या पायथ्यापासून दोनशे पावलांवर मजुरांचा कॅम्प! ही जागा कुणी ठरवली विचारू नका. एसीत बसून ठरवली, एवढं सांगतो.

महिपती त्या बांधाचा राखणदार. गावाकडे वीस वर्षं पाझर तलावावर चौकीदारी केलेला माणूस. मीच त्याला इथे आणलं. रोज सकाळी तो पायथ्याशी झिरपणारं पाणी रिकाम्या बाटलीत भरायचा, पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख लिहायचा आणि बाटली केबिनच्या खिडकीत ओळीने मांडायचा.

"मातीचं धरन घाम गाळतंच, सायेब," तो म्हणायचा. "घाम निवळ हाय तवर भ्यायचं नाय. पान्यासंगं माती यायला लागली, की समजायचं, आतून पोखरतंय."

त्या जूनमध्ये बाटल्यांच्या तळाशी गाळ बसायला लागला. पाझराच्या तोंडावर थर द्यायला त्याने दोन ट्रक धुतलेली वाळू आणि खडी मागितली; तसा थर दिला की पाणी निघून जातं, माती थांबते. मी मागणी पुढे पाठवली. माझा मॅनेजर शशिकांत म्हणाला, "गुरुप्रसाद, वर्षभरात तो तलावच खलास होणार. बजेट कुठून आणू? तू इन्स्पेक्शनचा फॉर्म क्लोज कर."

वाळवंटात दोन ट्रक वाळू मिळाली नाही. आणि मी काय केलं? मागच्या महिन्याचा फॉर्म कॉपी केला, 'पाझर निवळ' तसंच राहू दिलं आणि तिकडे न फिरकता सही ठोकली. शशिकांतला शिव्या देताना ही सही मला गिळावी लागते.

दोन जुलैला महिपती भर उन्हात वाळूची पोती एकटाच वाहत होता. तिथेच कोसळला. कागदावर लिहिलं, 'नैसर्गिक मृत्यू'. तो शब्द आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

मी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. उन्हाळ्यात त्या वेळी बाहेर काम करायला बंदी असते. बांधावर चिटपाखरू नव्हतं, पंप बंद होते, आणि कॅम्पातले शंभरेक जण खोल्यांत झोपले होते. महिपतीच्या जागी दुसरा माणूस नेमलाच नव्हता. त्याच्या केबिनला मी स्वतः लावलेलं कुलूप तसंच होतं आणि एकुलती एक किल्ली एकोणीस दिवस माझ्या खणात होती.

दार उघडलं. आत भट्टी. पण वास मात्र ओल्या चिखलाचा.

पेटी खाटेखाली होती. ती ओढताना नजर खिडकीकडे गेली. बाटल्यांची ओळ. त्याची शेवटची बाटली कुठली, म्हणून तारखा वाचायला लागलो. एक जुलै. दोन जुलै. तीन...

चार. पाच. सहा.

अक्षर त्याचंच. आठाला वर शेपूट काढायचा, तसंच. प्रत्येक बाटलीतलं पाणी आधीच्यापेक्षा गडद होत गेलेलं. शेवटची बाटली चहाच्या रंगाची. तिच्यावर आजची तारीख होती. झाकणावरून पाण्याचा थेंब ओघळून खिडकीच्या कडेवर पडला... टप्... आणि माझ्या डोळ्यांदेखत वाळून गेला.

मी पायथ्याकडे धावलो. महिपतीने टाकलेल्या पोत्यांच्या मधून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं, जाड, तपकिरी.

शशिकांतला फोन लावला. "बांध जातोय... इथे बाटल्या आहेत... आजच्या तारखेची पण..."

"कोण भरतंय बाटल्या?" तो म्हणाला. "ऊन लागलंय तुला. घरी जा."

मी फोन कापला आणि कॅम्पात शिरलो. दारांवर लाथा घातल्या. "यल्ला! बाहर निकलो सब! बाहर!" लातूरचा सुरज डोळे चोळत म्हणाला, "सर, एवढ्या उनात कुटं जावं?" त्याला कॉलर धरून ओढला. सगळे रस्त्यापलीकडच्या उंचवट्यावर पोचले आणि पाऊण तासाने बांध बसला. मोठा आवाज नाही. नुसता एक लांब सुस्कारा, मग पाणी. केबिन गेली, बाटल्या गेल्या, सत्यभामाने मागितलेली पेटी गेली. माणूस एकही गेला नाही.

कंपनीच्या रिपोर्टात आलं, 'नियमित तपासणीमुळे धोका वेळीच लक्षात आला.' पुरावा म्हणून माझे फॉर्म जोडले होते, तेच, 'पाझर निवळ' लिहिलेले. शशिकांतला सेफ्टीचं सर्टिफिकेट मिळालं. ते त्याने भिंतीवर लावलंय, निर्लज्जासारखं.

बांध पुन्हा घातला, तीच माती ओढून. वर्षभरात खलास होणारा तलाव अजून आहे. कॅम्पही तिथेच. फक्त फुटबॉलच्या मॅचला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना दिसू नये म्हणून रस्त्याच्या बाजूने हिरवं कापड लावलंय. तीन महिने मी फॉर्मवर लिहितोय, 'पाझर गढूळ. कॅम्प हलवा.' तीन महिने तो फॉर्म 'करेक्शन'साठी परत येतोय.

आज सकाळी शहरात, मदिनत खलीफातल्या माझ्या घरी चहा ठेवायला उठलो. दार आतून बंद होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बाटली उभी होती. पांढरी पट्टी, शेपटाचा आठ, ओलं झाकण. पाणी चहाच्या रंगाचं.

सुरजला फोन केला. म्हणालो, सगळ्यांना उठव, आत्ताच्या आत्ता बाहेर काढ, मी निघालोच. तो म्हणाला, "सर, पन काल तर बांध चांगला दिसला."

बाटलीवरची तारीख आजची नाही, उद्याची आहे. गाडीची किल्ली घेऊन दारात उभा आहे; बाटली दिसल्यापासून मी तिला हातही लावलेला नाही. तरी आतला गाळ खाली बसत नाहीये. गरगर फिरतोच आहे.