तीन अंशांची चूक

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्याच्यासमोर फक्त पायांनी हजर होते.

बाकीची मी एका चार आसनी विमानाच्या पॅनेलखाली उताणी पडले होते. तोंडात टॉर्च, कपाळावर जुन्या वायरींचा झुबका, आणि वर पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की मनातलं बोलणंही ओरडून करावं लागावं.

"कुणी आहे का?"

"पाय दिसत नाहीत का?" मी टॉर्च काढून म्हटलं.

"दिसतात. म्हणून तर विचारलं... बाकीचं कुणी आहे का?"

मी सरपटत बाहेर आले. हँगरच्या दारात एक निथळणारा माणूस उभा होता. पावसानं पुढची वाट अडवली म्हणून स्वतःचं छोटं विमान घेऊन तो आमच्या आडबाजूच्या धावपट्टीवर उतरला होता, आणि त्याचा रेडिओ घसा बसल्यासारखा खरखरत होता. तो माझ्याकडे बघून हसला. म्हणजे माझ्याकडे नाही – माझ्या डाव्या कानाच्या जरा पलीकडे. कोण आहे म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे झाडू होता.

लाजतोय, मी मनात म्हटलं. पस्तिशी उलटल्यावर माझ्याकडे बघून लाजणारा पुरुष पहिल्यांदाच भेटत होता. मी हळूच केसांतलं जळमट काढून टाकलं.

हँगर माझ्या मामांचा. मामा इंजिनं बघतात. आणि विमानात जे जे बोलतं, लुकलुकतं किंवा काटा हलवतं ते सगळं माझ्याकडे. रेडिओचा एक सांधा सुटला होता. तो जोडेपर्यंत मामांनी पाहुण्याची कुंडली काढली. दातांचा डॉक्टर. एकटा. विमान वडिलांचं, त्यांच्यामागे यानं सांभाळलेलं. मामांनी त्या क्षणापासून त्याचं नाव दातवाला ठेवलं.

पाऊस थांबला, तो गेला. मी वायरींच्या झुबक्याखाली परत गेले. पण तो झुबका आता उगाचच हलका वाटत होता.

थोड्याच दिवसांत तो विमान घेऊन पुन्हा आला. पॅनेलवरची जुनी काट्यांची सगळी घड्याळं काढून एकच मोठा पडदा बसवायचा होता त्याला.

"आकडे मोठे दिसायला हवेत," तो म्हणाला. "जितके मोठे होतील तितके. आणि ते बोलणारं यंत्रही बसवा... जमीन जवळ आली की सांगणारं."

"बसवते. पण त्यात बाईचा आवाज असतो."

"तुमचा असेल?"

"माझा असला तर ती आधी शिव्या देईल, मग उंची सांगेल."

"चालेल," तो झाडूकडे बघत म्हणाला. "उंचीच्या आधी शिव्या ऐकायची सवय आहे. वडिलांनीच शिकवलंय उडायला."

मग तो रोजच यायला लागला. दवाखाना बंद ठेवलाय म्हणाला. लोकांच्या तोंडात डोकावून कंटाळा आला. मी पॅनेल उघडलं तर आत वायरींचं जंगल निघालं. प्रत्येक दुरुस्तीवाल्यानं नवी वायर ओढली होती आणि जुनी तशीच सोडून दिली होती. मी एकेक मेलेली वायर ओढून काढायची, तो ती बोटांभोवती गुंडाळून ठेवायचा. वायरींवरची चिठ्ठी आली की म्हणायचा, "वाच ना." तुम्हीची तू मी कधी झाले, कळलं नाही. पडद्याबरोबर आलेलं जाडजूड पुस्तकही तो मलाच वाचायला लावायचा.

"स्वतः वाचता येत नाही का?" मी एकदा म्हटलं.

"येतं. पण तुझ्या आवाजात फ्यूजसुद्धा गोड लागतो."

असलं वाक्य दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर मी हातातली पक्कड टाकली असती. त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. थर्मासमधून चहा ओतताना तो कपाच्या काठाला बोट लावून ठेवायचा. दातवाल्यांची बोटंच डोळे असतात, असं मी माझं मला समजावलं. आपल्याला जे बघायचं असतं तेच आपण बघतो. त्याला डोळे चांगले असावे लागतात असंही नाही.

"विमान दुरुस्त होतंय की भाची बिघडतेय?" मामा इंजिनाच्या आडून विचारायचे.

"तुम्ही तेल बघा मामा."

"तेच बघतोय. दोन्हीकडे गळतंय."

पडदा बसला आणि पहिल्यांदा उजळला तेव्हा हँगरभर निळा उजेड पडला. मोठमोठे आकडे, निळं आकाश, तपकिरी जमीन. त्यानं मान जराशी वळवून, तिरक्या नजरेनं पाहिलं. आणि अगदी हळू म्हणाला, "दिसतंय..."

मला वाटलं, हा आनंद आहे. आनंदच होता तो.

"पहिल्या उड्डाणाला तू शेजारी," तो म्हणाला. "नाही म्हणायचं नाही."

मी नाही म्हटलं नाही. घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले. आरशानं नवीन काही सांगितलं नाही. पण मी त्याचं ऐकलंही नाही.

उरलं होतं फक्त होकायंत्र.

होकायंत्र घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं असतं. वीज गेली, पडदे विझले, तरी ते काचेजवळच्या आपल्या जागी बसून दिशा सांगत राहतं. पण आसपासचं काही हललं, वायर, स्क्रू, स्पीकर, की ते रुसतं आणि दोन-चार अंशांनी चुकतं. चुकत नाही असं होकायंत्र मी पाहिलेलं नाही. कुठल्या दिशेला किती चुकतं ते मोजायचं, छोट्याशा कार्डावर लिहायचं आणि ते कार्ड त्याच्याखाली लावायचं. सांगितलेली चूक चालते. न सांगितलेली चूक माणूस मारते.

हे काम दोघांचं. धावपट्टीच्या टोकाला, लोखंडापासून लांब, मामांनी पांढरं वर्तुळ रंगवलंय आणि त्यात दिशांच्या रेघा आखल्यात. तो आत बसून, इंजिन आणि पडदा चालू ठेवून, विमान एकेका रेघेवर आणणार. मी शेपटीमागे लांब माझं तपासलेलं होकायंत्र घेऊन उभी. वॉकीटॉकीवर मी थांबा म्हणायचं, त्यानं आतला आकडा वाचायचा.

आकाश त्या दिवशी राखेसारखं होतं. वारा कानात शिरत होता.

"थांबा. बोला."

"तीनशे साठ."

"छान. पुढची रेघ... थांबा. बोला."

"तीस."

"बोला."

"साठ."

"बोला."

"नव्वद."

माझं पेन थांबलं. हेच होकायंत्र जुन्या कार्डाप्रमाणे उत्तरेला चार अंशांनी भरकटत होतं. आणि मी तर त्याच्या नाकाखालचं अख्खं दुकान बदललं होतं. आता ते एका अंशानंही चुकत नव्हतं?

पुढच्या रेघेवर मी त्याला थांबवलंच नाही. रेघ ओलांडू दिली आणि पुढची यायच्या आत, मधेच, म्हटलं, "थांबा."

विमान थांबलं.

"बोला."

वॉकीटॉकी खरखरली.

"एकशे वीस," तो म्हणाला.

माझ्या हातातलं होकायंत्र एकशे अडतीस दाखवत होतं.

तो वाचत नव्हता. रेघा मोजत होता. कानापलीकडची नजर, कपाच्या काठावरचं बोट, बंद दवाखाना, मोठे आकडे, वाच ना... एवढे दिवस सुट्या पडलेल्या सगळ्या वायरी एकदम जुळल्या.

"इंजिन बंद करा," मी म्हटलं.

मी आत जाऊन शेजारच्या सीटवर बसले. पंखा फिरून फिरून थांबला.

"कधीपासून?"

त्यानं वॉकीटॉकी मांडीवर ठेवला. "गेल्या हिवाळ्यापासून. मधोमध डाग आहे. जे बघायला जावं तेच जातं. कडेचं दिसतं." तो माझ्याकडे वळला, सरळ, पहिल्यांदाच. "असं सरळ पाहिलं ना... की तू नाहीशी होतेस."

मी हात पुढे करून पडदा बंद केला.

"आईलाही हेच होतं. शेवटी ती आम्हाला आवाजावरून ओळखायची."

"आणि परवान्याची डोळ्यांची तपासणी?"

"मागच्या वेळी तक्ता पाठ केला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. त्याच्या आत थोडंसं... उडायचं होतं. पडद्यावरचं दिसतं मला कडेनं. होकायंत्र कोण बघतं आता?"

"पडदा विझला की सगळे बघतात."

"म्हणून तर तू शेजारी असणार होतीस."

बोलून गेला आणि त्यालाच ते ऐकू आलं. वारा विमान हलवत होता. मी एक स्क्रू घट्ट आहे की नाही ते बघितलं. घट्टच होता, मीच लावलेला.

"म्हणजे बोलावणं मला नव्हतं," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांना होतं."

"आधी होतं. वायरी वाचून घ्यायच्या तेवढ्यापुरतं." तो खाली बघत होता, म्हणजे बहुतेक माझ्या हातांकडे. "पण नुसतं वाचूनच घ्यायचं असतं तर मामांना सांगितलं असतं. त्यांना चष्माही आहे."

मला हसू आलं, आणि त्याचा भयंकर राग आला.

"कार्डावर सही कर," तो म्हणाला. "विमान तर ठीक आहे ना?"

"विमान ठीक आहे. तुम्ही नाही. उद्या सकाळी शेजारच्या फ्लाइंग क्लबच्या कॅप्टनबाईंना स्वतः सांगा, इथली उड्डाणं त्याच बघतात. नाहीतर मी सांगेन."

"तू सांगितलंस तर मी इथे परत येणार नाही."

"उडालात तरी येणार नाही," मी म्हटलं.

तो उतरला. दाराची कड हातानं चाचपत गेला. आता लपवायचं काही नव्हतं. मी विमानाची बॅटरी काढून मामांच्या कपाटात ठेवली. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते काहीच विनोद केला नाही.

सकाळी मी फाटकाकडे बघत उभी राहिले. ऊन वर आलं. तो आला नाही. मग शेजारच्या फ्लाइंग क्लबमध्ये गेले. कॅप्टनबाई म्हणजे पांढऱ्या केसांची, दोन शब्दांत बोलणारी बाई. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझा कोण तो?"

"कुणी नाही," मी म्हटलं. तेव्हा ते खरंच होतं.

आल्यावर मी होकायंत्राचं काम पुरं केलं. मामांना आत बसवलं, त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले, उत्तरेचे दोन अंश, आग्नेयेचे तीन. मी कार्ड लिहिलं, सही केली. विमान अगदी तंदुरुस्त झालं. मग महिनोन्महिने ते कोपऱ्यात ताडपत्री पांघरून बसून राहिलं आणि मी त्याच्याकडे पाठ करून काम करत राहिले. मामा रोज दोन कप चहा ओतायचे आणि तिसरा कप बघून गप्प व्हायचे.

कॅप्टनबाईंनीच ते विकत घेतलं. न्यायला आल्या त्या दिवशी बारीक पाऊस भुरभुरत होता आणि त्यांच्यासोबत तो होता. बसनं आला होता. वाळला होता. बाईंनी बोलावलं होतं त्याला, एक फेरी मारायला, मालक म्हणून शेवटची.

"तू सांगितलंस," तो म्हणाला.

"सांगितलं."

"सकाळपर्यंत थांबलीस?"

"दुपार होत आली तोवर थांबले."

"मी फाटकापर्यंत आलो होतो." तो पागोळ्यांचा आवाज ऐकत राहिला. "तुला सांगायला आलो होतो की इंजिन चालू करायला, ते अजून नक्की सांगता येत नाही मला. गाडी चालवत होतो. समोरून एक सायकलवाला आला. समोरून, म्हणून दिसला नाही. आरशाला घासून आडवा झाला. उठला, मला दोन शिव्या घातल्या आणि निघून गेला... मी गाडी तिथेच सोडली. चालत घरी गेलो. तुझ्यावर चिडायला मग फार दिवस लागले नाहीत मला, पण चीड जायला लागले."

"गेली?"

"थोडी आहे. राहू दे. रिकामं रिकामं वाटेल नाहीतर."

तो आता लांबच्या एका शाळेत चालला होता, काठीनं चालायला आणि बोटांनी वाचायला शिकायला. वर्षभर तरी. डाग वाढला होता. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नव्हती.

"तुझा चेहरा मी सबंध कधी बघितलाच नाही," तो म्हणाला. "कान बघितलाय. कपाळ, हनुवटी. तुकडे जुळवून ठेवलेत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तुकडेही दिसणार नाहीत बहुतेक."

"तुकड्यांतच बरा आहे. सबंध बघून लोक पळालेत."

तो हसला. मी त्याचा हात धरून पंखाच्या पायरीवर ठेवला. रस्ता दाखवायला म्हणून. मग माझा हात काढला नाही.

कॅप्टनबाई डावीकडे, तो उजवीकडे, मी मागे. विमान उठलं. काचेवरून पाण्याचे ओघळ मागे पळत आले, मग खालची धावपट्टी, पांढरं वर्तुळ, हात कमरेवर ठेवून उभे राहिलेले मामा, सगळं लहान लहान झालं. त्यानं हात मांडीवर ठेवले होते. बोटं आपोआप हलत होती, हातात नसलेल्या सुकाणूच्या दांड्यावर.

हेडफोनमधून त्याचा आवाज आला. "होकायंत्र काय म्हणतंय?"

मी दोन सीटमधून वाकून पाहिलं. "एकशे वीस."

"आणि खरं?"

"एकशे तेवीस. तीन अंशांची चूक आहे. कार्डावर लिहिलीय."

"मग चालेल," तो म्हणाला.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "वर्षानं मी असाच परत आलो तर... बघवेल तुला?"

माझं काय होईल, त्याचं काय होईल, मला काही माहीत नव्हतं. खोटं आश्वासन माझ्या हातून लिहिलं जात नाही, सवय नाही.

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण ये. फाटकाशी थांबून हाक मार. तुला न्यायला मी येईन."

तू म्हटलं मी, हे कॅप्टनबाईंच्या मानेलासुद्धा कळलं. ती जराशी हलली.

तो सीटवरून मागे वळला आणि तोंड माझ्याकडून फिरवून, माझ्या कानाशेजारच्या खिडकीकडे, पावसाकडे बघत राहिला. उतरेपर्यंत तसाच बघत राहिला. मी हलले नाही. मला माहीत होतं तो काय बघतोय.