आधी उतरायचा मान

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या एका ओसाड बेटावरचं जुनं दीपगृह प्रल्हादकाकांना दाखवायचं, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो. काका म्हणजे माझा मित्र राजीव, त्याचे सख्खे काका, नौदलातून रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झालेले. परवा त्यांचं परतीचं विमान होतं. १९८४ चा सप्टेंबर सरत आला होता. आज नाही तर कधीच नाही!

शिडाची बोट विद्यार्थ्यांच्या क्लबची आणि ती चालवणारी विनीता. आमच्यासारखीच पीएचडी करणारी, पण सगळे उन्हाळे याच पाण्यात काढलेली. काका मुद्दाम आमच्यानंतर चढले.

“वरिष्ठ अधिकारी बोटीत शेवटी चढतो आणि आधी उतरतो. नेव्हीचा रिवाज!” मग आमची लाइफ जॅकेटं बघून हसले. “तळ्यालाही घाबरता होय रे?”

बेट दिसू लागलं आणि वारा फिरला. पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ धावून आलं. बोट एका अंगावर कलली. पाणी आत! हाडं गोठवणारं पाणी! यात पडलेला माणूस जॅकेट असूनही गारठून मरतो, हे विनीतानंच सकाळी सांगितलं होतं. माझी पाचावर धारण बसली.

“राजीव, मोठं शीड खाली घे! रिटर्न जातोय आपण!” विनीता सुकाणूवरून ओरडली.

राजीवनं दोर धरला आणि काकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. घरातलं मोठं माणूस समोर असताना त्याच्या होकाराशिवाय आम्ही कधी काही केलंच नव्हतं! काका मात्र दीपगृहाकडे बघत होते.

“काका... चालेल ना?” शेवटी विनीताच विचारून बसली.

तेवढ्यात लाट आदळली. शीड पाण्याला टेकलं. संपलो आपण, असंच मला वाटलं!

“मला काय विचारतेस?” काका गरजले. “बोटीवर कॅप्टन एकच असतो! हुकूम दे!”

“शीड खाली!”

“आय आय, कॅप्टन!”

असा नौदली होकार देत काका स्वतः रांगत दोराकडे गेले. राजीव झेपावला. मी झेपावलो. ओढलं! शीड धाडकन खाली आलं आणि बोट कण्हत सरळ झाली. विनीतानं छोटं इंजिन चालू करून तिला वळवलं. मागे दीपगृह पावसात दिसेनासं झालं, पण त्याच्याकडे बघायची कुणाचीच छाती नव्हती.

धक्क्याला लागलो तरी काका जागचे हलले नाहीत.

“कॅप्टन, आज वरिष्ठ तू. आधी तू उतर.”

“काका, पायच उचलत नाहीयेत माझे. आय वॉज सो स्केअर्ड! हात द्या ना.”

काकांनी हात पुढे केला. तोही लटलट कापत होता.